तळहाताएवढा तुकडा

प्रिय आई,

खाकी कागद बघून दचकू नकोस. कारखान्यात आम्ही कपड्यांचे नमुने याच कागदावर काढतो, त्यातलीच ही उरलेली पट्टी, म्हणून ओळी जरा लांबच लांब गेल्यात. अक्षर माझंच आहे. हातात फोन असताना पत्र कोण लिहितं, असं तू बाबांना विचारशील आणि बाबा चष्मा शोधत म्हणतील, तुझी हावरी, दुसरं कोण. ते नाव तूच ठेवलंस. शेजाऱ्यांकडे फोडणीचा वास सुटला तरी मी खिडकीत जाऊन उभी राहायचे म्हणून. आता त्या नावाने मला कुणी हाक मारत नाही. हल्ली रस्त्यात अनोळखी बायका थांबवतात आणि म्हणतात, "तुम्ही ताटवाल्या ताई ना?"

फोनवरच बोलले असते, पण माझा फोन आता माझा राहिलेला नाही. त्याचा कॅमेरा चांगला म्हणून तुझ्या जावयाने तो शूटिंगला घेतलाय, आणि तो दिवसभर ओट्यासमोर स्टँडवर उभा असतो. तुझा फोन आला की तोच उचलतो, स्पीकरवर टाकतो, आणि मग तुम्हा सासू-जावयाचं असं काही गूळपीठ जमतं की मला मध्ये "हो" आणि "बरं" एवढीच जागा उरते. तू विचारतेस, जेवलीस का. उत्तर तो देतो. काय जेवले, किती जेवले, सगळं सांगतो, आणि तू खूश होऊन फोन ठेवतेस.

तर रविवारची गोष्ट. कार्यक्रम तुला तोंडपाठ आहे, मला माहीत आहे. पहिल्या रांगेत बसायचं म्हणून तू नव्या चपला घेतल्यास आणि त्या चावू नयेत म्हणून घरात घालून हिंडतेस, हेही मला जावयाकडूनच कळलं. स्टेजवर शेगडी असेल. आजवर व्हिडिओत तो शिजवतो आणि मी खाते. रविवारी पहिल्यांदाच मी शिजवायचं आणि मीच खायचं. मग तो माझ्या हातात माइक देईल आणि मी भरल्या हॉलमध्ये सांगायचं की माझे हार्मोन्स ताळ्यावर आले, पाळी नियमित झाली, आणि तेही एक गोळी न घेता. टाळ्या वाजतील. तू रडशील, कारण तुझ्या डोळ्यांना निमित्तच लागतं. अडचण एकच आहे. मी बरी झालेली नाही.

एवढं वाचून त्याला फोन लावायला उठू नकोस. बस, आणि आधी सगळं वाच. तो वाईट माणूस नाही. वाईट असता तर हे पत्र दोन ओळींत आटोपलं असतं.

तुला माझे ते दिवस आठवत असतील. विंचरायला बसले की फणीत केसांचा गुंता यायचा, हनुवटीवर मात्र राठ केस उगवायचे. पाळी महिनोन्‌महिने यायची नाही, आणि आली की जायचं नाव घ्यायची नाही. वजन असं वाढलं की गंमत म्हणून एकमेकींची मापं घेणाऱ्या कारखान्यातल्या पोरी माझ्याजवळ टेप आणेनाशा झाल्या. डॉक्टरीणबाईंनी गोळ्या दिल्या होत्या आणि जेवणखाण सांभाळा म्हणाल्या होत्या. त्याच सुमारास याचं फ्रिजचं दुकान बंद पडलं. कपाळाला हात लावून बसणारा तो नव्हेच. पुस्तकं आणली, आहाराचा कसलासा अभ्यासक्रम केला, खाटकाकडे जाऊन मांसाचे भाग शिकून आला. आणि एका दुपारी मी कारखान्यातून घरी जेवायला आले तर टेबलावर माझं ताट मांडलेलं. पोर्कच्या पाठीकडच्या भागाचा तुकडा, नीट आडवा कापलेला, शेजारी हिरवी भाजी, मसूर, थोडासा भात. मी ते बघून रडले होते. तुझ्या हातचं मी कमी खाल्लेलं नाही, पण तू पातेल्यातून उपसून वाढायचीस आणि पुढच्याकडे वळायचीस. माझ्या एकटीसाठी एवढं मन लावून कुणी काही मांडलं नव्हतं. त्या दिवशी मला वाटलं होतं, आपलं नशीब फळफळलं.

कृती तुला पाठ असेल, तरी लिहिते, कारण रविवारी ती माझ्या हातून व्हायची आहे आणि सध्या डोक्यात दुसरं काही नसतंच. तुकड्याच्या कडेची चरबी काढून टाकायची. मीठ, मिरी, ठेचलेला लसूण आणि लिंबू चोळून जरा वेळ ठेवायचं. लोखंडी तवा कोरडा तापवून मग त्यावर थेंबभर तेल. तुकडा टाकला की त्याला डिवचायचं नाही. तो आपणहून तवा सोडतो, तेव्हाच उलटायचा. उतरवल्यावर झाकून ठेवायचा, घाईने कापला तर सगळा रस ताटात वाहून जातो. त्याच तव्यात कोबी आणि फरसबी परतायची, दाताखाली करकर वाजेल इतकीच. शिजवलेली मसूर, हातसडीचा भात, वरून भाजलेलं जवस आणि तीळ. मांस तळहाताएवढं, भात मुठीएवढा, भाजी ओंजळभर, तेल-बिया अंगठ्याएवढ्या. खाणाऱ्याचा हात हेच खाणाऱ्याचं माप. हे वाक्य त्याचं. लोकांना ते फार आवडलं, कारण त्याला वजनकाटा लागत नाही आणि ते खरंही आहे. ताट चविष्ट असतं, आई. ताटाविरुद्ध मी एक अक्षर बोलणार नाही.

फक्त ती चरबीची कड कचऱ्यात जाते तेव्हा मला तू आठवतेस. सुट्टीच्या दिवशी तू पोर्क भाजायचीस, ती कड वेगळी कुरकुरीत करायचीस आणि दादाची पाठ वळली की फुंकर मारून माझ्या तळहातावर ठेवायचीस. हात पोळायचा, पण दादाला दिसू नये म्हणून मी मूठ मिटायचे. तू म्हणायचीस, हावरे, तोंड पोळेल, थांब जरा. इथे तो ती कड टाकतो तेव्हा मला कॅमेऱ्याकडे बघून हसायचं असतं.

पुढे तो या ताटांचे व्हिडिओ करून लोकांना दाखवू लागला आणि त्यांचं नाव त्याने "तिचं ताट" ठेवलं. ती म्हणजे मी. पहिल्यांदा मजा वाटली, खोटं कशाला बोलू. नाक्यावरच्या फळवाल्यानेही ओळखलं तेव्हा मी घरी येऊन आरशात पाहिलं होतं. मग हळूहळू माझ्या तोंडाकडे बघणारे डोळे वाढत गेले. बेकरीत ब्रेड घ्यायला गेले तर मागची बाई म्हणाली, तुम्हाला चालतं का हे? कारखान्यात एका पोरीने वाढदिवसाचा केक कापला, माझ्या हातात तुकडा दिला, आणि दुसरीने लगेच फोन वर केला. मी तो तुकडा रुमालात गुंडाळला आणि घरी जाताना कुत्र्याला घातला. कुत्र्याने तरी चवीने खाल्ला. कारखाना घरामागच्याच गल्लीत, हे एकेकाळी सुख होतं. आता दुपारची सुट्टी झाली की कापड कापणाऱ्या मास्तरांसकट सगळे डबे उघडतात आणि मी मात्र घरी शूटिंगला जाते. चटईवर बसून एकमेकींच्या डब्यात हात घालणं काय असतं ते मी विसरत चाललेय.

तो कधी आवाज चढवत नाही. चढवला असता तर मलाही चढवता आला असता. आज नको वाटतंय, असं म्हटलं की तो समोर खुर्ची ओढून बसतो, माझा हात हातात घेतो आणि हळूच विचारतो, "काय चुकतंय, सांग ना." मग मी जेवते. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच, फक्त माझ्या तोंडात घास असतो. दाराला कुलूप नाही, किल्ली माझ्याच पर्समध्ये आहे, तरी मला कोंडल्यासारखं होतं. कुलूप असतं तर निदान कुणाला दाखवता आलं असतं. मागच्या खेपेला तुझ्याकडे आले तेव्हा भांडी पुसता पुसता मी तुला हे सांगून पाहिलं होतं. तू म्हणालीस, "अगं, नवऱ्याने पाण्याचा पेला द्यावा म्हणून बायका तरसतात आणि तुला सुख टोचतंय." मी हसले आणि पुढचं भांडं घेतलं. तुझं चुकलं असं नाही. मी तुझ्या जागी असते तर हेच म्हटलं असतं.

गोळ्या त्याने बंद करायला लावल्या, तेही लाडानेच. मध्ये माझ्या तपासण्या चांगल्या आल्या, तेव्हा तो म्हणाला, आता आपल्याला यांची गरज काय, ताटाने काम केलंय. मी डॉक्टरीणबाईंना विचारू म्हटलं तर त्याचा चेहरा असा उतरला की मीच म्हटलं, राहू दे. पुढे रविवारच्या पोस्टरवर मोठ्या अक्षरात "गोळीविना" असं छापून आलं. तोवर पाळी पुन्हा बंद पडली होती. त्याला मी सांगितलं नाही. पाळीचे कपडे नेहमीसारखे धुऊन वाळत घातले, पोट दुखल्यासारखं केलं, गरम पाण्याची पिशवी घेऊन पडून राहिले. त्याने मला चादर घातली. हे लिहितानाही मला लाज वाटते, पण काय करणार होते? मी बरी झाले तर ती ताटाची कमाल, आणि बिघडले तर मी कुठेतरी चोरून खाल्लं. मधलं काही त्या घरात नाहीच.

शेवटी कापड आणायला जाते म्हणून बाहेर पडले आणि दवाखान्यात गेले. डॉक्टरीणबाईंनी रिपोर्ट बघितले आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. म्हणाल्या, "जेवण छान आहे तुमचं, ते सोडू नका. पण बाई, जेवण हे जेवण आहे. गोळ्या कुणी बंद केल्या?" मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचत बसले. त्यांनी ताणलं नाही. दुसरं विचारलं, "भूक लागते का नीट?" आई, मला उत्तर देता येईना. ताट समोर आलं की जेवायची वेळ झाली, एवढं मला कळतं. पण त्याच्या आधी पोटात काही हलतं का, कशाचा वास आला तर पाय थबकतात का, हे किती दिवसांत मी पाहिलेलंच नाही. तुझ्या हावरीला भूक आठवेना. बाईंनी गोळ्या पुन्हा लिहून दिल्या. त्या मी घरी ठेवू शकत नाही, तिथे प्रत्येक डबा कॅमेऱ्यासमोर उघडतो. म्हणून आमच्या कटिंग मास्तरांच्या खडूच्या डब्यात ठेवते. मास्तरांनी एकदा डबा उघडला, पाकीट पाहिलं, आपले खडू उचलून दुसऱ्या डब्यात टाकले आणि कामाला लागले. त्या दिवसापासून तो डबा माझाच आहे.

आता परवाचं सांगते. रविवारची तालीम म्हणून त्याने मला ओट्यापाशी उभं केलं. पोर्कचा तुकडा त्याने नेहमीप्रमाणे कापून ठेवला होता. मी त्यावर आपला तळहात ठेवायचा आणि म्हणायचं, "बघा, माझ्या हाताएवढा." मी हात ठेवला. तुकडा चहूबाजूंनी बाहेर आला, बोटांच्या पेरांपर्यंत पुढे आणि मनगटाकडे मागे. मी पुन्हा ठेवला, जणू माझ्याच हाताचं काही चुकलं असावं. मग लक्षात आलं. पहिल्या दिवसापासून मापाचा हात त्याचा होता. व्हिडिओत कापतो तो, हात ठेवून दाखवतो तो, आणि तो केवढा थोराड आहे तुला माहीत आहे. भात त्याच्या मुठीचा, भाजी त्याच्या ओंजळीची. एवढ्या लोकांनी पाहिलं, तू पाहिलंस, मी तर रोज खाल्लं. मापं घेण्यात माझा जन्म चाललाय, मास्तर पहिल्या दिवसापासून सांगतात की ज्याच्या अंगावर चढायचं त्याच्याच अंगावर टेप धरायची, आणि मला माझ्या ताटातलं दिसलं नाही.

मला खरंच हसू फुटलं. वाटलं, तोही हसेल, म्हणेल, अरेच्चा, आणि सुरी घेऊन तुकडा लहान करेल. तसं झालं असतं तर कदाचित मी हे पत्र लिहिलं नसतं, एवढी मी त्याची आहे अजून. त्याने तुकड्याकडे पाहिलं, माझ्या हाताकडे पाहिलं. मग म्हणाला, "लहान करून नाही चालणार. आधीच्या सगळ्या व्हिडिओत एवढाच दिसलाय, कुणीतरी पकडेल. तू असं कर, हात तुकड्यावर ठेवूच नकोस. जरा उचलून कॅमेऱ्याजवळ धर, मोठा दिसेल." आणि त्याने माझं मनगट धरून हात कुठे धरायचा ते दाखवलं. स्टँडवरच्या फोनमध्ये मी पाहिलं, हात खरंच मोठा दिसत होता. नीट, तळहाताएवढा तुकडा, माझ्या हाताएवढा. आम्ही ते वाक्य चांगलं बसेपर्यंत म्हटलं. त्यानंतर मी जेवले, सगळं.

तरीही मी रविवारी उभी राहिले असते. तुला खरं सांगते. इकडे आड तिकडे विहीर असली की माणूस जिथे आहे तिथेच उभा राहतो, आणि मला उभं राहायची सवय झालीय. एक वाक्य तर बोलायचं होतं, बोलून टाकलं असतं. पण काल तुझा फोन आला. मी भाजी चिरत होते, तू स्पीकरवर होतीस, आणि तू लहान मुलीसारख्या उत्साहाने त्याला म्हणालीस, "मी ठरवलंय, रविवारी हॉलमधून घरी आले की माझीही थायरॉइडची गोळी बंद. माझी पोर बरी होऊ शकते तर मी का नाही?" तो क्षणभर थांबला, आई. मला वाटलं, आता नको म्हणेल. माझ्याकडे बघून तो हसला आणि तुला म्हणाला, "वा, आई, हे तुम्ही स्टेजवर येऊनच सांगा." मी सुरी खाली ठेवली. तू हो म्हणालीस आणि नेहमीसारखं विचारलंस, जेवली का ती. तो म्हणाला, हो, जेवली.

म्हणून हे पत्र. ती गोळी सोडू नकोस. रोज सकाळी उपाशीपोटी घेतेस तशीच घेत राहा, आणि काही विचारायचं असेल तर तुझ्या डॉक्टरांना विचार, माझ्या ताटाला नको. रविवारी हॉलवर जाऊ नका. मी तिथे नसेन. शुक्रवारी कारखाना सुटला की मी घरामागच्या गल्लीतून घराकडे वळणार नाही, सरळ बस पकडून तुमच्याकडे येणार आहे. त्याच्यासाठीही अशीच एक खाकी पट्टी लिहून ठेवलीय, ती मास्तर त्याच्या हातात देतील. मी बरी नाही, गोळ्या सुरू आहेत, आणि हे त्याने स्वतः हॉलमध्ये सांगितलं तर त्याच्याशी पुन्हा बोलता येईल, एवढंच त्यात आहे. तोंडावर सांगायची माझी हिंमत नाही. तो खुर्ची ओढून बसेल, माझा हात हातात घेईल, काय चुकतंय विचारेल, आणि रविवारी मी स्टेजवर असेन. तेव्हा मी पोचेपर्यंत त्याला फोन करू नकोस, आणि त्याचा आला तर बाबांना उचलू दे, त्यांना अर्धं ऐकू येत नाही तेच बरं. आणि आई, दार उघडलंस की मला जेवलीस का असं विचारू नकोस. भूक लागलीय का, असं विचार. मला लगेच सांगता येणार नाही कदाचित. तू घाई करू नकोस, दारातच जरा थांब, मी आठवून सांगते.

तुझीच,
हावरी